खिशात मावेल असा कॅमेरा

आमच्या तीर्थरूपांचा कॅमेरा खिशात मावत नसे. तो कातडी पेटीत घालून खांद्याला अडकवावा लागे. आणि ती पेटी माळ्यावरील ट्रंकेत, आईच्या शालूखाली ठेवलेली असल्याने तिला बाहेर येण्याचे योग वर्षातून तीन-चारच असत. गणपती, दसरा, एखादी मुंज, क्वचित ओंकारेश्वरची सहल. कॅमेरा आगफा कंपनीचा, 'क्लिक थ्री' नावाचा; आपल्याकडे तो बडोद्यास तयार होई. १२० नंबरची फिल्म घातली की तीत बारा चौरस छायाचित्रे बसत. मागील अंगास तांबड्या काचेची एक इवलीशी खिडकी होती. तीत कागदावरचा पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची आणि थांबायचे. वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. त्यांच्या दृष्टीने गिरणीची खातेवही आणि ते बारा आकडे यांची प्रतिष्ठा सारखीच. कोणते छायाचित्र कशापायी खर्ची पडणार हे आधी ठरलेले असे, आणि त्या अंदाजपत्रकात बारावे छायाचित्र नेहमी आमच्या आईचे असे.

याला कोणी बहुमान समजेल. खरे कारण असे की, पहिल्या अकरांच्या वेळी आई स्वयंपाकघरात असे. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, म्हणजे वडील हाक मारीत. ती पदराला हात पुशीत अंगणात येई, आणि उरलेले एक तिच्या वाट्यास जाई. अल्बमात अशी तेवीस 'बारावी' आहेत. आम्ही मोजली आहेत. त्यांतील काहींच्या कडेने प्रकाश शिरून पांढरा पट्टा उमटला आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्यांचे मात्र एकही चित्र त्यात नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तिच्या मागोमाग इतरांचेही भोंगे थांबले, तरी झाँक्या आजही निघतात. पण वडिलांचा कॅमेरा उन्हाचा सोबती होता, रात्री त्याला दिसत नसे.

हे पुराण लावण्याचे कारण आता सांगतो. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेली तीन वर्षे तिची स्मृती तिला सोडून निघाली आहे. एकदम नव्हे, कार्य आटोपल्यावर पाहुणे एकेक करून निरोप घेतात तशी. प्रथम गेली आदल्या दिवशीची भाजी, मग नातवंडांची नावे, मग आमच्या सौ. या घरच्या सून आहेत ही गोष्ट. आमच्याकडे ती कधी ओळखीने पाहते, कधी कचेरीतून आलेल्या एखाद्या गृहस्थाकडे पाहावे तशा सौजन्याने "बसा" म्हणते. परंतु अल्बम मांडीवर दिला की बोट ठेवून सांगू लागते. ही आत्या, हा रामबागेतला ओटा, ही धाकट्या भावोजींची मुंज, या दिवशी श्रीखंड कमी पडले होते. डॉक्टरांचे म्हणणे असे की, जुनी चित्रे दाखवीत जावे आणि नवीनही काढून, कागदावर छापून हाती द्यावी. रोज थोडे थोडे. रोजच्या रोज छायाचित्र काढायचे तर कॅमेरा रोजच्या रोज अंगावर हवा, हे ओघानेच आले.

वाचक म्हणतील, मग त्यात अडचण कोणती? हल्ली प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असतो आणि त्यात कॅमेरा असतो. खरे आहे, आमच्याही खिशात आहे. त्यात आजमितीस अकरा हजारांवर छायाचित्रे आहेत. त्यांपैकी बहुसंख्य मध्यान्ह भोजनाची, वृक्षारोपणाची, हजेरीपटाची आणि गळक्या छताची असून ती सरकारी आदेशान्वये काढून त्याच दिवशी वर धाडलेली आहेत. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक हा आता निम्मा छायाचित्रकारच असतो. या अकरा हजारांत आईची किती, हे एका रविवारी मोजले. चौदा निघाली. त्या चौदांतही आमच्या फोनने आपली कला दाखविलेली. हे यंत्र एकाच वेळी अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करते आणि वर चेहऱ्यावरून मायेचा हात फिरवते. आईच्या सुरकुत्या निम्म्या पुसल्या गेल्या होत्या आणि कपाळावरचे गोंदण फिकट होऊन एखाद्या डागासारखे दिसत होते. ज्या चेहऱ्यावरून तिने स्वतःला ओळखावे अशी आमची इच्छा, तोच चेहरा यंत्राने परस्पर दुरुस्त करून ठेवला होता. ही दुरुस्ती बंद करता येते असे चिरंजीवांनी सांगितले, व ती केलीही.

तरी मुख्य अडचण निराळीच होती. आमची थोरली बहीण नागपूरला असते. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो आणि तिचा चेहरा पडद्यावर दिसतो. त्यामुळे आईच्या लेखी फोन उभा धरणे म्हणजे नागपूर. आम्ही छायाचित्रासाठी तो समोर धरला की ती पुढे वाकून मोठ्याने विचारते, "ताई का गं? जेवलीस का?" उत्तर येत नाही. मग ती आमच्याकडे पाहते, पुन्हा पडद्याकडे पाहते, आणि तिचा चेहरा असा काही गोंधळतो की बटण दाबण्याचे धैर्य होत नाही. त्या चौदांपैकी नऊ चित्रांत हाच गोंधळलेला चेहरा आहे.

तेव्हा निराळा कॅमेरा घ्यावयाचे ठरले. सौ.नी विचारले, "या वयात?" त्यांना आम्ही राजा दीनदयाळांचे उदाहरण दिले. मूळचे सरधन्याचे आणि रुडकीस स्थापत्यशास्त्र शिकलेले हे गृहस्थ आमच्याच इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते, आणि १८७४ च्या सुमारास, तिशीत आल्यावर, त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. सर हेन्री डेली आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे निजामाने 'राजा' हा किताब दिला. त्या काळी काचेच्या तावदानावर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काळोखी तंबूही हिंडवायचा. मांडूचे महाल ज्या सामग्रीने टिपावयाचे तिला वाहून नेण्यास हमाल लागत. सौ. शांतपणे म्हणाल्या, "ते तिशीत होते. तुमची निवृत्ती चार वर्षांवर आली." हा युक्तिवाद आम्हांस खोडता आला नाही. पण त्यांनी विरोधही केला नाही. आईचे अंग पुसणे, वेणी घालणे त्याच करतात, आणि अल्बम मांडीवर असेपर्यंत आई वेणी घालू देते हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

पहिली फेरी जेल रोडवर झाली. दुकानदार तरुण आणि उत्साही होता. त्याने कॅननचा 'पॉवरशॉट एसएक्स ७४०' पुढे ठेवला. तीनशे ग्रॅमच्या आतला, मुठीत मावणारा, आणि झूम चाळीसपट. "सर, दूर उभे राहून राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरचं कबूतर मोजा," तो हिंदीत म्हणाला. मोह झाला, नाही कशाला म्हणा? पण आमचे कबूतर चार हातांवर बाजेवर बसलेले असते, आणि ते ज्या खोलीत बसते तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा ठिकाणी दूरदृष्टी कामाची नाही, अंधारात पाहण्याची शक्ती हवी.

येथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे. हिशेबनिसाच्या मुलाने तो टाळू नये. कॅमेऱ्यात पूर्वी जिथे फिल्म असे तिथे आता सेन्सर नावाची चकती असते, आणि तिच्यावर पडेल तेवढाच प्रकाश आपला. पावसात वाटी ठेवली आणि शेजारी घंगाळ ठेवले, तर एकाच सरीत घंगाळात पाणी अधिक जमते, तसेच हे. त्या चाळीसपट झूमवाल्याचा सेन्सर सुमारे सव्वासहा मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. त्याहून वरच्या प्रतीच्या खिशातल्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' सेन्सर असतो: १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, चौपटीहून अधिक. (यात एक इंच कोठेच नाही. दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतील नळ्यांचा बाहेरचा व्यास मोजीत, त्या मापाचे नाव तेवढे मागे उरले आहे. आमच्या आळीत आजही एका घराला 'टांगेवाल्यांचे' म्हणतात, टांगा जाऊन चाळीस वर्षे झाली.) आणि रिकोच्या 'जीआर'सारख्या कॅमेऱ्यात ३६६ चौरस मिलिमीटरची चकती बसविलेली आहे. फिल्मच्या जमान्यातली पस्तीस मिलिमीटरची चौकट ८६४ ची होती.

दुसरी बाब भिंगाची. भिंगावर १.८, २.८, ३.३ असे आकडे असतात, आणि आकडा जितका लहान तितके भिंगाचे दार मोठे उघडते. याचा अचंबा वाटण्याचे कारण नाही. वर्गातही पहिला नंबर पाचव्यापेक्षा वरचाच असतो.

चिरंजीव पुण्यास असतात. दिवाळीस येताना त्यांनी मित्राचा 'जीआर थ्री' मागून आणला. यंत्र खरोखर सुंदर. घडण २०१९ सालची, वजन बॅटरीसह २५७ ग्रॅम, झूम नाही, बिल्ला नाही, मिरवणे नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला तर शेजारच्या चष्म्याला कळू नये. नव्याची किंमत आम्ही सौ.ना सांगितली तेव्हा गॅसवरचे दूध उतू गेले, तेवढे सोडता त्याच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. चिरंजीवांनी तो हातभर लांब धरला, पाठीमागच्या पडद्यात पाहिले आणि आजीला म्हटले, "आजी, इकडे बघ." आई पुढे वाकली. "ताई का गं?"

आम्ही सगळेच क्षणभर गप्प राहिलो. मग आमच्या ध्यानात आले की, हातभर अंतरावर धरलेली कोणतीही काळी पाटी हा तिला फोनच आहे, मग तिच्यात सेन्सर केवढाही असो. वडील कॅमेरा हातभर लांब धरीत नसत. ते तीन-चार पावले मागे सरत, एक डोळा मिटीत आणि दुसरा खिडकीला लावीत. चेहऱ्यावर पेटी चढली की छायाचित्र निघणार, ही खूण आईच्या मनात पन्नास वर्षांपूर्वी पडली आहे. इतके महिने आम्ही ग्रॅम आणि चौरस मिलिमीटर मोजीत होतो, आणि डोळ्याला लावावयाची खिडकी कोणत्या कॅमेऱ्यास आहे हे दुकानदारास विचारलेच नव्हते. त्यानेही सांगितले नाही. हल्ली ती कोणाला लागत नाही.

खिसा आणि खिडकी या दोन अटी एकत्र आल्यावर यादी फारच आखडली. खिडकी असलेले बहुतेक कॅमेरे खिशात मावत नाहीत. फुजीचा 'एक्स १००' आम्ही कौतुकाने हाताळला. त्याला उत्तम खिडकी आहे, पण नवीन आवृत्तीचे वजन पाचशे ग्रॅमच्या वर आहे आणि तो खांद्यावरच शोभतो. १९७९ साली ऑलिम्पसच्या योशिहिसा मैतानी यांनी 'एक्सए' हा कॅमेरा घडविला, तो सव्वादोनशे ग्रॅमचा होता. त्याचे सरकते झाकण हीच त्याची पेटी आणि तेच त्याचे बटण, आणि त्याला खिडकीही होती. तसे आज कोणी घडवील तर आम्ही रांगेत उभे राहू. पण कोण घडविणार? जपानी कारखानदारांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते. २०२३ साली तो आकडा ऐंशी लाखांच्याही खाली होता. फोनने हा व्यवसाय जवळजवळ गिळला.

शेवटी जे सापडले ते जुन्यात सापडले. सोनीचा 'आरएक्स १००', २०१४ ची तिसरी आवृत्ती. वजन २९० ग्रॅम, एक इंची सेन्सर, भिंग १.८ चे, आणि डाव्या कोपऱ्यात एक गुप्त खिडकी. बाजूची कळ दाबली की ती टपकन वर येते आणि बोटाने मागे ओढली की डोळ्यास लावता येते. इंदुरातल्याच एका लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्या गृहस्थाकडे तो पडून होता. आम्ही जुनी वस्तू घेताना घ्यावयाची ती काळजी घेतली. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र, भिंगाचे दार अगदी बारीक करून काढले. आत धूळ गेली असेल तर अशा वेळी करडे ठिपके उमटतात. दोन उमटले, पण कोपऱ्यात. कॅमेरा वीस वेळा बंद-चालू करून भिंग अडखळते का ते पाहिले. खिडकी पुनःपुन्हा वर-खाली केली. बॅटरी म्हातारी झाली होती. परंतु तीच बॅटरी कंपनीने या मालिकेत पुढेही चालू ठेवल्यामुळे नवीन मिळाली. मालकाने सांगितलेल्या किंमतीतून आम्ही त्या दोन ठिपक्यांचे पैसे कापून घेतले. त्यांनी हसून कापू दिले.

तो आता रोज आमच्या खिशात असतो. सदऱ्याच्या खिशात नाही; तिथे घातला तर सदरा एका बाजूस कलतो आणि मुख्याध्यापक खांदा पाडून चालल्यासारखे दिसतात. पँटच्या उजव्या खिशात, जुन्या मोज्यात घालून. मोजा सौ.नी शिवून लहान केला. त्याच खिशात किल्ल्या ठेवावयाच्या नाहीत हा नियम पहिल्याच आठवड्यात ओरखडा उमटवून शिकलो. रंगपंचमीला मात्र त्याला कपाटात कोंडले. इंदूरची गेर निघते तेव्हा गुलाल कोणत्या फटीत शिरेल याची शाश्वती देवही देणार नाही. शाळेत आम्ही तो काढीत नाही. शाळेसाठी फोन आहे, आदेश आहेत.

पहिले पाच-सहा दिवस आम्ही आईपुढे तो काढलाच नाही. नुसता खिशात ठेवून तिच्याजवळ बसत गेलो. हेही लक्षात आले की, पूर्वी आम्ही बसत नव्हतो. शाळेतून आल्यावर "काय म्हणतेस?" विचारून वर्तमानपत्र उघडीत होतो. आता चित्र केव्हा घ्यावे याची संधी शोधायची तर तिच्याकडे पाहावे लागे. आणि पाहू लागल्यावर दिसले की ती बोटांवर काहीतरी मोजते, बारापर्यंत मोजते आणि पुन्हा आरंभ करते. मेथी निवडताना देठ डाव्या हाताला आणि पाने उजव्या हाताला ही शिस्त अजून मोडलेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास ती दाराकडे कान देते. गिरणीची पाळी सुटण्याची ती वेळ.

जानेवारीतला एक रविवार होता. थंडी चांगली पडली होती. सौ.नी आईला न्हाऊ घालून मागच्या अंगणात उन्हात बसविले होते आणि पुढ्यात मटारांचे सूप ठेवले होते. ती सोलीत होती; दाणे भांड्यात पडत होते, काही टरफलांत. आम्ही उठून तीन-चार पावले मागे गेलो, मोज्यातून कॅमेरा काढला, खिडकी वर केली, एक डोळा मिटला आणि दुसरा लावला.

आईचे हात थांबले. तिने पाहिले. पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओले केस कानामागे सारले, पाठ सरळ केली, आणि आमच्याकडे न पाहता, किंचित लाजून, म्हणाली, "अहो, थांबा की. हात तरी पुसू द्या."

तिने पदराला हात पुसले.

खिडकीत सर्व काही स्वच्छ दिसत होते, आमचाच डोळा नीट चालत नव्हता. आम्ही तिला "आई" म्हणून हाक मारणार होतो, ती ओठांवर येऊन थांबली. मग जे शब्द लहानपणी अंगणात कितीदा तरी ऐकले होते तेच तोंडून गेले. "हं. हलू नकोस."

ती हलली नाही. आम्ही एकच चित्र काढले. यंत्रात जागा हजारोंची होती, पण दुसरे काढवेना. कॅमेरा खाली येताच तिने विचारले, "झाले?" आणि पुन्हा मटार सोलू लागली. थोड्या वेळाने आमच्याकडे पाहून म्हणाली, "बसा ना. उभे का?"

त्या आठवड्यात ते चित्र छापून आणले. चौरस छापावयास सांगितले, म्हणजे अल्बमातील इतरांशेजारी शोभेल. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, "सर, कडा कापाव्या लागतील." कापल्या. मटारांचे भांडे अर्धे गेले. घरी येऊन अल्बमच्या शेवटल्या पानावर, तेवीस नंबरच्या शेजारी, चारी कोपरे खोचून ते बसविले आणि संध्याकाळी सातच्या आत आईच्या मांडीवर दिले.

तिने पाने उलटली. आत्या, ओटा, मुंज, श्रीखंड. शेवटल्या पानाशी ती बराच वेळ थांबली. कपाळावरचे गोंदण छायाचित्रात स्वच्छ उमटले होते. तिने त्याच्यावर बोट ठेवले, मग तेच बोट स्वतःच्या कपाळास लावले. सौ. वेणीचा पेड हातात धरून थांबल्या होत्या.

"या आमच्या सासूबाई," आई म्हणाली. "चांगल्या आल्यात. ह्यांनीच काढला असणार."